तालवाद्यांच्या जुन्या तबकड्या

संग्रहाची हौस मनुष्यास लहानपणापासूनच असते. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी आगपेट्यांवरील चित्रें. प्रस्तुत लेखकाची हौस थोडी निराळी आहे. क्यूबा बेटाच्या तालांवर उभारलेलें जॅझ संगीत, निव्वळ तालवाद्यांचें वादन आणि ‘एक्झॉटिका’ या नांवानें ओळखला जाणारा एक चमत्कारिक संगीतप्रकार, यांच्या जुन्या तबकड्या मी गेलीं वीस वर्षें जमवीत आलों आहें. घरीं येणारे पालक कपाटाकडे पाहून विचारतात, “सर, हें सगळें आतां मोबाईलवर फुकट ऐकूं येतें, मग ही अडगळ कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याकरितांच हा लेख लिहीत आहें. परंतु आरंभ माझ्या एका अपराधापासून करावा लागेल.

माझे चुलत आजोबा मुंबईस एका नृत्यवाद्यवृंदांत बोंगो वाजवीत असत. त्या वाद्यवृंदाची एक तबकडी आमच्या घरीं होती. तिच्या चिठ्ठीवर वृंदाच्या चालकाचें तेवढें नांव होतें. आजोबांचें कोठेंच नव्हतें. मी कॉलेजांत शिकत असतांना एके दिवशीं मोठ्या उत्साहानें ती स्वच्छ करावयास घेतली व तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरविला. बोळा काळा झाला. मला वाटलें, मळ निघाला. पुन्हां फिरविला. वास्तविक निघत होती ती तबकडीच, कारण लाख स्पिरिटांत विरघळते आणि ती तबकडी लाखेची होती. सुई ठेवली तेव्हां खरखरीवांचून कांहीं ऐकूं येईना. आजोबा तेव्हां हयात नव्हते. माझे वडील रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, “त्यांचा हात त्यांत होता.” त्या तबकडीची दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाहीं. ती शोधतां शोधतां ज्या इतर तबकड्या हातीं आल्या, त्यांतून हा संग्रह झाला.

प्रथम तबकडी कशाची होते तें पाहूं. १९५० पूर्वींच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असत. एक बारीक किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राळेसारखा पदार्थ सोडतो, तीच लाख. ती शुद्ध करून तींत दगडाची वस्त्रगाळ पूड मिसळीत व तबकड्या दाबून काढीत. जगास लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वांटा आपल्या देशांतून, विशेषतः छोटा नागपूरच्या रानांतून, जात असे. म्हणजे न्यूयॉर्कमध्यें वाजलेल्या ढोलाचा नाद बहुधा आपल्याकडील लाखेवरच उमटत असे. दुसऱ्या महायुद्धांत हा माल मिळणें दुरापास्त होतांच १९४२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले, आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचाच माल पुन्हां वापरण्याची वेळ आली. अशा रीतीनें किती संगीत वितळून गेलें असेल त्याची कल्पनाच करावी.

लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, व दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. जून १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें व्हिनाइल नांवाच्या प्लॅस्टिकची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी अमेरिकेंत बाजारांत आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. भारतांत मात्र १९६० नंतरही कांहीं वर्षें लाखेच्या तबकड्या निघत होत्या. दीर्घ तबकडी तालवादकांस वरदानच ठरली. तीन मिनिटांत एक गाणें बसतें. परंतु दोन ढोलांचें संभाषण रंगावयास तेवढा वेळ पुरत नाहीं.

आतां या संगीताच्या उगमाकडे वळूं. क्यूबा हें बेट शतकानुशतकें स्पेनच्या अंमलाखालीं होतें. तेथील उसाच्या मळ्यांत राबविण्यासाठीं आफ्रिकेंतून लक्षावधि माणसें गुलाम करून नेण्यांत आलीं. ही गुलामगिरी १८८६ सालापर्यंत चालली. त्या माणसांचा देश गेला, आप्त गेले, नांवेंही बदललीं गेलीं. पण त्यांच्या बोटांतील ताल कोणास हिरावून घेतां आला नाहीं. हा ताल व स्पेनचे स्वर यांच्या मीलनांतून क्यूबाचें संगीत जन्मास आलें.

त्या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’. याच नांवाचें वाद्यही आहे: कठीण लांकडाच्या दोन आंखूड कांड्या, आपल्या टिपऱ्यांसारख्या, एकमेकींवर आपटावयाच्या. विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. सोळा मात्रा सारख्या वेगानें मोजाव्या आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्यावी. पहिल्या आठांत तीन टाळ्या पडतात, दुसऱ्या आठांत दोन. आपल्या तीनतालांतही मात्रा सोळाच. परंतु तेथें टाळ्या १, ५ व १३ या मात्रांवर आणि खाली ९ वर येते, म्हणून चार चार मात्रांचे सरळ विभाग पडतात. क्लावेच्या टाळ्या सरळ विभागांस चुकवून पडतात, आणि त्या चुकविण्यांतच त्याची सारी गोडी आहे. वृंदांतील प्रत्येक वादक या पांच टोल्यांस धरून चालतो. कांड्या कोणी वाजवीत नसला तरी ते टोले सर्वांच्या मनांत चालूच असतात.

वाद्यांचीही ओळख करून घ्यावी. कोंगा हा पिंपाच्या आकाराचा उंच ढोल हातांनीं वाजवितात. बोंगो ही एक लहान व एक मोठी अशी जोडी गुडघ्यांत धरून बोटांनीं वाजवितात. टिंबालेस हे धातूच्या उथळ अंगाचे ढोल काठ्यांनीं वाजवितात; त्यांचा कडकडाट ऐकून आपल्या ताशाची आठवण होते. ग्विरो म्हणजे आडव्या खांचा पाडलेला वाळका भोपळा. तो काडीनें घासावयाचा. माराकास म्हणजे बिया भरलेले खुळखुळे. हीं पांच वाद्यें कानानें ओळखतां येऊं लागलीं कीं तबकडी नुसती ऐकूं येत नाहीं, दिसूं लागते.

क्यूबाचे वादक पोटासाठीं न्यूयॉर्कला गेले आणि तेथें या तालाची गांठ अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या जॅझशीं पडली. १९४० सालीं माचितो या गायकानें तेथें ‘आफ्रो-क्यूबन्स’ हा वाद्यवृंद उभारला. त्याचा मेहुणा मारियो बौसा (१९११–१९९३) या वृंदाचा संगीतदिग्दर्शक झाला. बौसाची १९४३ सालची ‘तांगा’ ही रचना या मिश्र संगीताचा आरंभ मानली जाते. बौसानेंच चानो पोसो या हव्हानाच्या कोंगावादकाची ओळख डिझी गिलेस्पी या विख्यात तुतारीवादकाशीं करून दिली. पोसोला स्वरलिपि वाचतां येत नसे, इंग्रजीही येत नसे. तो निरनिराळ्या वाद्यांचे तुकडे तोंडानें गाऊन दाखवी व इतर ते उतरून घेत. अशा रीतीनें ‘मान्तेका’ ही रचना तयार झाली व डिसेंबर १९४७ मध्यें तिचें ध्वनिमुद्रण झालें. पुढच्याच डिसेंबरांत न्यूयॉर्कमध्यें पोसोचा खून झाला. तो अमेरिकेंत जेमतेम दोन वर्षें होता. आज त्याची जी कांहीं थोडीं ध्वनिमुद्रणें उरलीं आहेत, तेवढाच त्याचा हात जगापाशीं आहे.

त्याच नगरांत १९२३ सालीं पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांत टिटो प्वेन्ते जन्मला. वृंदाच्या मागील रांगेंत असलेले टिंबालेस त्यानें व्यासपीठाच्या पुढें आणले. त्याची १९५८ सालची ‘डान्स मेनिया’ ही तबकडी आजही नव्या संग्राहकानें प्रथम ऐकावी अशी आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें कायमचीं जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांची जी राष्ट्रीय नोंद ठेवली आहे, तिच्या २००२ सालच्या पहिल्याच यादींत तिला स्थान मिळालें. इकडे हव्हानांत १९५७ सालीं काचाओ या वादकानें इतर वादकांस रात्रीचें काम आटोपल्यावर एकत्र जमवून, लिहिलेल्या कागदावांचून, सुचेल तसें वाजविलेलें संगीत पानार्ट कंपनीसाठीं मुद्रित केलें. ही कंपनी १९६१ सालीं सरकारजमा झाली व १९६२ पासून अमेरिकेचा क्यूबाशीं व्यापार बंद पडला. त्यामुळें तेथील मूळ प्रती बाहेरच्या जगांत दुर्मिळ होत गेल्या.

एक्झॉटिकाची कथा याहून निराळी आहे. युद्धांत पॅसिफिक महासागरांतील बेटें पाहून आलेले हजारों सैनिक घरीं परतले, आणि त्या बेटांविषयीं अमेरिकेंत एक स्वप्नाळू ओढ उत्पन्न झाली. १९५१ सालीं लेस बॅक्स्टर या संगीतकारानें या ओढीस स्वर दिला. त्याच्या ‘क्वाएट व्हिलेज’ या रचनेला पुढें मार्टिन डेनी या पियानोवादकानें जगभर नेलें. डेनीचा लहानसा वृंद होनोलुलूच्या वायकीकी भागांतील एका उपाहारगृहांत वाजवीत असे. जवळच तळें होतें. वादन सुरू झालें कीं बेडूक ओरडूं लागत, थांबलें कीं तेही थांबत. वादकांनीं थट्टेनें पक्ष्यांचे आवाज काढण्यास आरंभ केला. दुसऱ्या दिवशीं एक पाहुणा येऊन विचारूं लागला, ‘काल तें पक्षी व बेडूक असलेलें वाजविलें होतें, तें पुन्हां वाजवाल काय?’ तेव्हांपासून ते आवाज संगीताचाच भाग झाले. ऑगी कोलोन हा तालवादक ते काढी. डेनीची ‘एक्झॉटिका’ ही तबकडी १९५७ सालीं निघाली आणि १९५९ सालीं, म्हणजे हवाई बेटें अमेरिकेचें राज्य झालीं त्याच वर्षीं, खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढली. त्याच्या वृंदांतील आर्थर लायमन हा हवाई बेटांतच जन्मलेला वादक पुढें स्वतंत्र झाला. होनोलुलूंतील ॲल्युमिनियमच्या एका प्रचंड घुमटांत त्यानें आपल्या तबकड्या मुद्रित केल्या. त्या घुमटाचा नैसर्गिक घोष अजूनही तींत ऐकूं येतो, घुमट मात्र १९९९ सालीं पाडण्यांत आला.

येथें पालकांस व विद्यार्थ्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. हें संगीत कानास गोड आहे. परंतु त्यांतील बेट कोणत्याही नकाशावर सांपडणार नाहीं. जपानची तंतुवाद्यें, ब्रह्मदेशच्या घंटा, क्यूबाचे ढोल आणि तोंडानें काढलेली पक्ष्यांची किलबिल एकत्र करून तें रचलेलें आहे. बॅक्स्टरच्या ज्या तबकडींत ‘क्वाएट व्हिलेज’ प्रथम आलें, तिच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘रानटी मनुष्याचा विधि’ असा आहे. परक्या माणसास रानटी म्हणून मग त्याच्या तालावर डोलणें यांत न्याय नाहीं. तबकडी फेकून द्यावी असें मी म्हणत नाहीं. पण तिच्या शेजारीं दुसरी एक ठेवावी. बाबातुंडे ओलातुंजी हा नायजेरियाचा युवक १९५० सालीं अमेरिकेंत शिकावयास गेला. आपल्या देशाविषयींचें तेथील अज्ञान पाहून तो आपले ढोल स्वतःच वाजवून दाखवूं लागला. त्याची ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ ही तबकडी १९६० सालीं निघाली व तिनें अमेरिकेंतील असंख्य श्रोत्यांस आफ्रिकेच्या तालाची खरी ओळख करून दिली. एका कपाटांत या दोन्ही तबकड्या शेजारीं असल्या म्हणजे कल्पनेंतील परका देश आणि स्वतःच्या तोंडानें बोलणारा देश यांतील भेद मुलांस न शिकवितां समजतो.

नुसत्या तालवाद्यांच्या तबकड्यांची लाट आली तिचें कारण शास्त्रीय आहे. १९५८ सालीं स्टिरिओ तबकड्या सर्वत्र विकावयास आल्या. तबकडीवरील खांच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरतां येतात व एकच सुई ते दोन्ही उचलून डाव्या व उजव्या ध्वनिक्षेपकांस पोंचविते. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालींच याचें पेटंट मागितलें होतें. नवीन यंत्र घेतलेल्या गृहस्थास त्याची करामत शेजाऱ्यास दाखवावयाची असे, आणि डावीकडून उजवीकडे उडी मारणाऱ्या बोंगोपेक्षां दुसरें चांगलें साधन कोणतें? इनॉक लाइट यानें १९५९ सालीं कमांड ही कंपनी काढून ‘परस्युएसिव्ह पर्कशन’ ही तबकडी प्रसिद्ध केली. तिच्या वेष्टनावरील ठिपक्यांचें चित्र जोझेफ आल्बर्स या नामांकित चित्रकाराचें आहे. मेक्सिकोच्या एस्किव्हेल यानें तर १९६२ सालच्या ‘लॅटिन-एस्क’ या तबकडीसाठीं वृंदाचे दोन भाग करून त्यांस दोन निरनिराळ्या स्टुडिओंत बसविलें, हेतु हा कीं एका बाजूचा आवाज दुसरींत मिसळूं नये.

ज्या विद्यार्थ्यांस असा संग्रह करावासा वाटेल त्यांच्यासाठीं कांहीं व्यावहारिक सूचना करितों. तबकडी घेण्यापूर्वीं ती प्रकाशांत तिरपी धरून पाहावी. नखास लागेल असा ओरखडा बहुधा ऐकूंही येतो. वेष्टनावर विसंबूं नये, चिठ्ठीवरील क्रमांक वाचावा. डेनीची ‘एक्झॉटिका’ हें याचें उत्तम उदाहरण आहे. एल.आर.पी. ३०३४ या क्रमांकाची तबकडी डिसेंबर १९५६ मध्यें एका ध्वनिमार्गावर मुद्रित झाली. तींत लायमन वाजवितो. एल.एस.टी. ७०३४ ही स्टिरिओसाठीं १९५८ सालीं पुन्हां वाजविलेली. तींत लायमनच्या जागीं ज्यूलियस वेक्टर आहे. नांव एक, गीतें तींच, पण वादक निराळा.

लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते, म्हणून तिची सुई निराळी. दीर्घ तबकडीची बारीक सुई तिच्यावर चालवूं नये, व तिची जाड सुई दीर्घ तबकडीवर तर कधींच ठेवूं नये. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या; आडव्या रचल्यास खालच्या दबतात. ऊन व उष्णता यांपासून त्यांस जपावें, नाहीं तर त्या पापडासारख्या वांकड्या होतात. व्हिनाइलची तबकडी शुद्ध पाण्यांत सौम्य साबणाचा थेंब घालून मऊ कापडानें, खांचेच्या दिशेनें पुसावी व मधली चिठ्ठी कोरडी ठेवावी. लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये. हें मी कोणत्या अनुभवावरून लिहितों तें वाचकांस ठाऊकच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एक वही करावी. तींत तबकडीचा क्रमांक, वर्ष, कोठें मिळाली, आणि वेष्टनावर असतील तेवढ्या सर्व वादकांचीं नांवें लिहावीं. वहीवांचून संग्रह म्हणजे नुसता ढीग होय. पैशांविषयीं म्हणाल तर खाऊच्या पैशांत बसेल तेवढेंच घ्यावें. उसनवारी करून हौस भागवूं नये.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येतों. मोबाईलवर जें मिळतें तें कोणीतरी तेथें घातलें म्हणून मिळतें. जें कोणी घातलें नाहीं तें तेथें नाहीं. १ जून २००८ रोजीं लॉस एंजलिस येथें युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारांत आग लागून मूळ ध्वनिफितींचा एक मोठा सांठा जळाला, आणि ही हानि जगाच्या पुरती ध्यानांत आली ती २०१९ सालीं! मूळ फीत जळाली म्हणजे कोणाच्या तरी घरांतील तबकडी हाच मूळ पुरावा उरतो.

हें सर्व दूर देशांतलें म्हणून सोडून देऊं नये. आपल्याकडेही हे ताल कधींच येऊन पोंचले आहेत. १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटास संगीत देणारे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनीं बोंगो, तुतारी व क्लॅरिनेट यांचा मुक्तपणें उपयोग केला. गोमंतकीय तुतारीवादक चिक चॉकलेट हा त्या चित्रपटांत आपल्या वृंदासह दिसतोही. परंतु त्या काळच्या तबकड्यांच्या चिठ्ठीवर गायकाचें व संगीतदिग्दर्शकाचें नांव असे. बोंगोवर, खुळखुळ्यांवर, झांजांवर कोण होतें तें सहसा छापीत नसत. तीं माणसें आपल्यापैकींच कोणाची आजोबा-पणजोबा होतीं.

म्हणून पालकांस विनंति आहे कीं माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर रद्दीवाल्यास वजनावर देण्यापूर्वीं एकदां मुलांबरोबर बसून त्या चाळाव्या. घरांतील वडील माणसांस विचारावें, ही कोणीं आणली, हींत कोण वाजवितें. जें सांगतील तें त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावें. आणि एखाद्या तबकडीवर मुंबईच्या जुन्या नृत्यवाद्यवृंदाचें नांव दिसलें, तर कृपा करून तिला कोणताही बोळा न लावतां शाळेंत मजकडे पाठवावी. ती ऐकून, वहींत उतरवून, जशीच्या तशी परत करीन.